वेफर्स चाखावेत कानांनी

पावसाळ्यात रात्रभर उघडं राहिलेलं पाकीट सकाळी कुणी हातात घेतलं, की तोंड वाकडं होतं. मीठ तेवढंच, मसाला तोच, तरी 'चव गेली' असा निकाल लागतो. खरं तर वेफर्स फक्त सादळलेले असतात. बटाट्यात सुमारे ८० टक्के पाणी असतं. तळल्यावर ते दोनेक टक्क्यांवर येतं आणि कोरडा स्टार्च काचेसारखा ठिसूळ होतो. हवेतला ओलावा त्यात शिरला की तो चिवट होतो. मोडतो, पण वाजत नाही.

या वाजण्याचं मोल ऑक्सफर्डच्या मासिमिलियानो झाम्पिनी आणि चार्ल्स स्पेन्स यांनी २००४ मध्ये दाखवून दिलं. लोकांना हेडफोन लावून मायक्रोफोनसमोर बसवलं आणि प्रिंगल्स चावायला दिले. प्रिंगल्स अशासाठी, की ते लगद्यापासून साच्यात बनतात, म्हणून सगळे सारखे. चावण्याचा आवाज त्याच क्षणी त्यांच्या कानात परत सोडला जाई, कधी मोठा करून, कधी त्यातले तीव्र स्वर वाढवून. तसं केलं की तोच चिप जास्त कुरकुरीत आणि ताजा वाटे. आवाज दबवला की शिळा. या कामाला २००८ मध्ये इग नोबेल मिळालं. हसू येतं खरं, पण प्रयोग चोख आहे.

कानानंतर पाळी नाकाची. नाक चिमटीत धरून टोमॅटो चवीचा वेफर चावून पाहा. खारट, आंबट, किंचित गोड एवढंच कळतं; टोमॅटो गायब! चिमूट सोडताच घशामागून वास नाकात चढतो आणि टोमॅटो हजर होतो. वेगवेगळ्या चवी म्हणून आपण जे विकत घेतो, त्यातला बराचसा फरक असा वासाचा असतो.

जिभेचं काम पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेलं असतं: ६२७ आणि ६३१, म्हणजे ग्वानिलेट आणि इनोसिनेट. किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. टोमॅटोत ग्लुटामेट मुळातच असतं; त्याला ६२७ आणि ६३१ या दोघांची चिमूटभर जोड मिळाली की उमामी कितीतरी पटींनी वाढते. '६३१ म्हणजे चरबी' असा निरोप व्हॉट्सअॅपवर अधूनमधून फिरतो. ते मांसमाशांपासून काढता येतं हे खरं, पण किण्वनानेही बनतं, आणि हिरवा ठिपका असलेल्या पाकिटात मांसमाशांपासूनचे घटक घालायला कायद्याने मनाई आहे.

माझ्या मते कारागिराची खरी परीक्षा साध्या खाऱ्या वेफरमध्ये होते. मसाला बरंच झाकतो. खाऱ्या वेफरची कड तपकिरी आणि कडवट लागली, तर बटाटा फार थंडीत साठवलेला असण्याची शक्यता मोठी. २ ते ४ अंशांत स्टार्चची साखर होते आणि तळताना ती अमिनो आम्लांशी मिळून करपते. म्हणून वेफर्सचा बटाटा १०-१२ अंशांत ठेवतात. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने कमी साखरेचं 'कुफ्री चिपसोना' वाण काढलं तेही याचसाठी.

तेव्हा चाखायला बसाल तर खारा आधी, तिखट सगळ्यात शेवटी. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, त्यामुळे चुळा भरून उपयोग नाही. वाटीभर दही किंवा दूध जवळ असू द्या.