बदललेला मागचा ॲक्सल आणि प्रोपेलर शाफ्ट : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेत १९७३ ते १९८७ या काळात तयार झालेल्या शेव्रोलेच्या अर्ध्या टनी पिकअप ट्रकांना त्याच कंपनीच्या जड ट्रकांचा ‘१४-बोल्ट’ मागचा ॲक्सल बसवणे हा तिथल्या गॅरेजांमधला रुळलेला बदल आहे. नाव पडले ते डिफरन्शियलच्या झाकणाला असलेल्या बोल्टांवरून. अशा अनेक पिकअपना मुळात ८.५ इंची क्राउन व्हीलचा १०-बोल्ट ॲक्सल असे. १४-बोल्टच्या जड प्रकारात तेच क्राउन व्हील १०.५ इंची असते आणि गाडीचे वजन ॲक्सल शाफ्टवर न येता हबच्या बेअरिंगवर येते. ॲक्सलच्या ताकदीबद्दल कुणाचा वाद नाही. गैरसमज आहेत ते गीअरबॉक्सपासून ॲक्सलपर्यंत शक्ती पोचवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टबद्दल.

सर्वांत जुना समज असा, की शाफ्ट म्हणजे एक पाइप. अंतर मोजायचे आणि तेवढा कापायचा. १४-बोल्टच्या पिनियनचे नाक पुढे येत असल्याने मूळ शाफ्ट सहसा लांब पडतो, म्हणून कापणे टळत नाही. प्रश्न मोजमाप कधी आणि कसे घ्यायचे याचा आहे. गाडी जॅकवर आणि ॲक्सल स्प्रिंगच्या पाट्यांना लोंबकळलेला, अशा स्थितीतले माप उपयोगाचे नाही. गाडी स्वतःच्या चाकांवर, नेहमीच्या उंचीला उभी असताना दोन्ही टोकांच्या क्रॉस जॉइंटच्या मध्यांमधले अंतर घ्यावे लागते. त्या वेळी गीअरबॉक्समध्ये सरकणारा योक पूर्ण आत जाऊन टेकलेला नको. तिथून साधारण २० ते २५ मिलिमीटर बाहेर असावा. शाफ्ट लांब राहिला तर मागचे चाक खड्ड्यात आदळताच योक आत ठेचला जातो आणि तो मार गीअरबॉक्सचे बेअरिंग खाते. आखूड झाला तर स्प्लाइनची पकड कमी पडते, योक डगमगतो आणि शेपटाकडचे बुश झिजते.

कापण्याची जागाही ठरलेली असते. पाइप मधोमध तोडून वेल्डिंगने जोडणे हा जुगाड आहे, दुरुस्ती नव्हे. लेथवर एका टोकाच्या योकचा जुना वेल्ड उतरवतात, योक ठोकून बाहेर काढतात, पाइप त्या टोकाने कापतात आणि तोच योक पुन्हा दाबून बसवतात. वेल्ड भरण्याआधी डायल गेज लावून पाइप वेडावाकडा फिरत नाही ना हे तपासतात. याच वेळी दोन्ही टोकांचे योक एका पातळीत आहेत हेही पाहायचे असते. ज्या शाफ्टमध्ये सरकणारा स्प्लाइन पाइपच्याच अंगात असतो तिथे योक एका पातळीत न येण्याची चूक वेल्डिंगनंतरही होते. स्प्लाइनला १६ दात असतील तर एक दात चुकीचा बसला की योक एकमेकांपासून २२.५ अंश फिरतात. सोडण्याआधी खडूची खूण करणे पुरेसे आहे, तरी ती अनेकदा राहते.

क्रॉसच्या बाबतीत ‘दिसायला सारखा म्हणजे बसणारा’ हा समज महागात जातो. अमेरिकन हलक्या ट्रकांमध्ये स्पायसर कंपनीच्या क्रॉसच्या क्रमांकित मालिका सर्रास आढळतात. १३१० च्या क्रॉसच्या कपाचा व्यास १.०६२ इंच आणि रुंदी ३.२१९ इंच. १३३० मध्ये कप तोच, पण रुंदी ३.६२५ इंच. १३५० मध्ये रुंदी पुन्हा ३.६२५ इंचच, पण कप १.१८८ इंचांचा. म्हणजे कॅलिपरने केवळ रुंदी मोजणारा १३३० आणि १३५० यांत फसतो आणि केवळ कप मोजणारा १३१० आणि १३३० यांत. शिवाय काही गाड्यांत क्रॉसचे लॉक योकच्या बाहेरच्या बाजूला बसते, तर काहींत आतल्या. मागवताना तेही सांगावे लागते.

शाफ्ट एका मालिकेचा आणि पिनियन दुसऱ्या मालिकेचा असेल तर दोन कप एका मापाचे आणि दोन दुसऱ्या मापाचे असलेला जोड-क्रॉस मिळतो. तो बसवल्याने जोड मोठ्या मालिकेइतका मजबूत होतो असे मानले जाते. तसे होत नाही. त्याची ताकद लहान बाजूइतकीच राहते. जड ॲक्सल घालून त्याच्या तोंडाशी असा क्रॉस लावला तर तुटण्याची जागा फक्त पुढे सरकते. पिनियनचाच योक बदलणे चांगले. मात्र ज्या ॲक्सलमध्ये पिनियनच्या दोन बेअरिंगांमध्ये चेपली जाणारी स्लीव्ह असते, तिथे नट एअर गनने मनाला येईल तेवढा आवळला की बेअरिंगवरचा ताण बिघडतो. क्रॉस धरणाऱ्या यू-बोल्टबद्दलही हेच. १३१० साठी आवळणी २० न्यूटन-मीटरच्या आसपासच असते. ‘जितके घट्ट तितके चांगले’ म्हणून जोर लावला की कप चेपतो आणि आतल्या बेअरिंगच्या सुया अडकतात.

सर्वाधिक गोंधळ कोनांबद्दल आहे. पिनियनचे तोंड थेट गीअरबॉक्सकडे वळवावे, शाफ्ट सरळ दिसला पाहिजे, असे अनेक जण ठामपणे सांगतात. साध्या क्रॉस जॉइंटच्या शाफ्टसाठी हा सल्ला चुकीचा आहे. कोनात फिरणाऱ्या क्रॉस जॉइंटला एका बाजूने एकसारखी गती दिली तरी दुसऱ्या बाजूने ती एकसारखी निघत नाही. प्रत्येक फेऱ्यात ती दोनदा वाढते, दोनदा घटते. १० अंशाच्या कोनात हा चढउतार दोन्हीकडे सुमारे दीड टक्का असतो, २० अंशांना तो सहा टक्क्यांवर जातो. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला तितक्याच कोनात दुसरा जोड असेल आणि दोन्ही योक एका पातळीत असतील, तर पहिल्याची चूक दुसरा खोडतो. गीअरबॉक्सचे शेपूट मागे ३ अंश खाली झुकले असेल तर पिनियनचे नाक पुढे ३ अंश वर हवे. दोन्हींच्या अक्षरेषा समांतर राहतात, शाफ्ट मध्ये तिरका राहतो आणि दोन्ही जोडांचे कोन सारखे होतात. पिनियन गीअरबॉक्सकडे रोखला की मागच्या जोडाचा कोन शून्यावर येतो आणि पुढच्याची चूक खोडायला कुणी उरत नाही. गीअरबॉक्सच्या टोकाला दुहेरी जोड असलेल्या शाफ्टमध्येच पिनियन शाफ्टच्या रेषेत ठेवतात, कारण तिथे दोन क्रॉस आपापसात हिशेब मिटवतात. हा सल्ला तिथून उचलून सगळीकडे लावला गेला असावा.

कोन शून्य केला तर सर्वांत उत्तम, हेही खरे नाही. कोन नसेल तर कपातल्या सुया फिरत नाहीत, एकाच जागी दाबल्या जातात आणि क्रॉसच्या खुंट्यांवर रेघा कोरतात. अर्धा ते एक अंश तरी कोन हवाच. वरची मर्यादा वेगावर ठरते. महामार्गावर धावणाऱ्या ट्रकसाठी ३ अंशांच्या आत राहणे शहाणपणाचे.

पाट्यांच्या गाडीत आणखी एक गोष्ट घडते. ॲक्सिलरेटर दाबला की पाटे पिळवटतात आणि पिनियनचे नाक वर उचलले जाते. म्हणून उभ्या गाडीत ते समांतर रेषेपेक्षा एखाद-दोन अंश खाली ठेवतात. नव्याने बसणाऱ्या ॲक्सलवर पाट्याची बैठक अनेकदा वेल्ड करावी लागते. कोन ठरल्यावरच पक्का वेल्ड केला की पुढे पाट्याखाली पाचर घालण्याची वेळ येत नाही. घालावीच लागली तर ती पोलादाची हवी; ॲल्युमिनियमच्या पाचरी जड कामात फुटतात.

ॲक्सलचे गुणोत्तर बदलले तरी शाफ्टला फरक पडत नाही, हा समज सर्वांत धोक्याचा, कारण गॅरेजमध्ये उभ्या गाडीत तो उघडा पडत नाही. प्रत्येक शाफ्टला एक वेग असा असतो की तिथे तो मधोमध धनुष्यासारखा वाकून गरगरू लागतो. हा वेग पाइपच्या व्यासाबरोबर वाढतो आणि लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. ७६ मिलिमीटर व्यासाचा, सुमारे २ मिलिमीटर जाडीचा आणि १,८०० मिलिमीटर लांबीचा पोलादी शाफ्ट घेतला तर हा वेग मिनिटाला अंदाजे ३,९०० फेरे येतो. त्याच्या ७५ टक्क्यांच्या, म्हणजे सुमारे २,९०० च्या पुढे नेऊ नये असा दंडक आहे. चाकाचा एक फेरा २.४ मीटरचा धरला तर ताशी ११० किलोमीटरला ३.०८ गुणोत्तराच्या ॲक्सलशी हा शाफ्ट २,३५० फेरे घेतो. ४.१० चा ॲक्सल आला की तोच शाफ्ट, तोच वेग, पण फेरे ३,१३०. मोठ्या व्यासाचा पाइप, किंवा मध्ये सेंटर बेअरिंग देऊन दोन तुकड्यांचा शाफ्ट, हे त्यावरचे उपाय.

राहिले बॅलन्सिंग. वेल्डिंग झालेला शाफ्ट बॅलन्स करून घ्यावाच लागतो. जुनी लावलेली वजने नव्या लांबीला लागू पडत नाहीत. पण बॅलन्सिंगने प्रत्येक थरथर जात नाही. असंतुलनाची थरथर फेऱ्यामागे एकदा येते, कोनांची दोनदा. शाफ्ट मिनिटाला २,४०० फेरे घेत असेल तर पहिली सेकंदाला ४० वेळा, दुसरी ८० वेळा. दुसऱ्या प्रकारची थरथर असेल तर शाफ्ट बॅलन्सिंग मशीनवर कितीदा नेला तरी पैसे वाया जातात.

मोठा ॲक्सल आला म्हणजे गाडीची भारक्षमता वाढली, असेही धरले जाते. चेसिस, पुढचा ॲक्सल आणि पुढचे ब्रेक तेच असतात. अमेरिकेत उत्पादकाने दाराच्या चौकटीवर लावलेल्या पट्टीतले एकूण वजन ॲक्सल बदलल्याने वाढत नाही. भारतात तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद बंधनकारक असल्याचे स्पष्ट केले आहे.