‘लिंग’ : एक शब्द, दोन प्रश्न
‘लिंग’ हा शब्द मराठीत व्याकरणातील, शरीरातील आणि स्व-ओळखीतील भेदांसाठी सरसकट वापरला जातो. त्यामुळे क्रीडाक्षेत्रातील दोन भिन्न प्रश्न एकच भासतात. धावपटू द्युती चंद जन्मतः स्त्री. शरीरात नैसर्गिकरीत्या टेस्टोस्टेरॉन अधिक असल्याने २०१४ मध्ये त्यांना स्पर्धेबाहेर ठेवण्यात आले. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने पुरेशा पुराव्याअभावी तो नियम स्थगित केला. पारलिंगी स्त्री म्हणजे जन्मतः पुरुष म्हणून नोंद झालेली, परंतु स्वतःला स्त्री मानणारी व्यक्ती. वयात येताना पुरुषी शारीरिक बदल झालेल्या अशा खेळाडूंना जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने २०२३ मध्ये महिला गटातून वगळले. येथे स्पर्धेतील समानता आणि सहभागाचा हक्क परस्परांसमोर उभे राहतात. दोन्ही प्रश्नांना एकच संज्ञा लावल्यास न्यायाचा विचार आरंभीच चुकतो.