आगमनकाळ आणि गव्हाण : ख्रिस्ती आशेची जागा

मराठी ख्रिस्ती साहित्य वाचताना ‘आशा’ हा शब्द वारंवार भेटतो आणि तेथे थोडी गल्लत होण्याचा संभव असतो. आपल्या संतवाङ्मयात आशा अनेकदा तृष्णेच्या सोबतीने, त्याज्य म्हणून येते. ख्रिस्ती परंपरेत मात्र श्रद्धा आणि प्रीती यांच्या जोडीला तिला सद्गुणाचे स्थान आहे. इतकेच नव्हे, तर तिच्यासाठी वर्षातला एक काळच राखून ठेवलेला आहे. तो म्हणजे आगमनकाळ.

नाताळापूर्वीचे चार रविवार या काळात येतात. त्यामुळे त्याचा प्रारंभ २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान पडणाऱ्या रविवारी होतो. मूळ लॅटिन शब्द ‘आद्वेन्तुस’, म्हणजे येणे. रोमन जगात हा शब्द सम्राटाच्या समारंभपूर्वक नगरप्रवेशासाठीही वापरला जाई. वाद्ये, मिरवणूक, वेशीवर स्वागताला आलेले नागरिक असा तो थाट असे. ख्रिस्तमंडळाने तोच शब्द एका नवजात बालकासाठी योजला, हे लक्षात घेतल्याशिवाय या काळाचे मर्म कळत नाही.

लूकच्या शुभवर्तमानातही हा विरोध जाणूनबुजून मांडलेला दिसतो. दुसऱ्या अध्यायाचा आरंभ होतो तो सम्राट औगुस्ताच्या नावनोंदणीच्या फर्मानाने. साऱ्या साम्राज्यावर फिरणारी दृष्टी पुढे काही वाक्यांतच आकसत जाऊन बेथलेहेम नावाच्या लहानशा गावी, तेथील एका गव्हाणीवर स्थिरावते. ‘गव्हाण’ हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. जनावरांना वैरण घालायची ती जागा. तिच्यात तान्हे मूल निजवलेले आहे.

येथे एक भाषिक तपशील पाहण्यासारखा आहे. प्रसूत मातेला ‘उतारशाळेत’ जागा नव्हती, असे मराठी वाचकाला परिचित आहे. मूळ ग्रीकमधला शब्द ‘कटालुमा’ असा आहे. पैसे देऊन उतरण्याच्या जागेसाठी लूकने चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात ‘पांडोखेयोन’ हा निराळा शब्द वापरला आहे. उलट, येशूच्या शेवटच्या भोजनाच्या खोलीला तो ‘कटालुमा’ म्हणतो. म्हणून येथे घरातली पाहुण्यांची खोली अभिप्रेत असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. त्या प्रदेशातील साध्या घरांत माणसांची बैठक थोडी उंचावर आणि जनावरांची जागा त्याच छपराखाली, किंचित सखल असे. आपल्याकडेही ओटीला लागून गोठा असलेली घरे अनेकांनी पाहिली असतील. दार लावून घेणारा निष्ठुर धर्मशाळावाला नाटकांतून लोकप्रिय झाला खरा, पण लूकच्या कथेत तो नाही. बैल आणि गाढव हेही नाहीत. तेही पुढील परंपरेने आणून बांधले.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. जन्म परक्या गोठ्यात झाला असे मानले, तर वाचकाच्या मनात प्रथम कणव उत्पन्न होते. तो माणसांनी गच्च भरलेल्या, गरीब, चालत्या-बोलत्या घरात झाला असे मानले, तर अर्थ बदलतो. देव दारिद्र्याला भेट द्यायला येत नाही, तो तेथलाच होऊन राहतो. प्रस्तुत लेखकाला हा दुसरा अर्थ अधिक मोलाचा वाटतो. मरियेच्या गीतातही (अध्याय पहिला) अधिपती आसनांवरून खाली येतात आणि दीन वर उचलले जातात. जन्माची वार्ता प्रथम मिळते तीही रात्रपाळीने कळप राखणाऱ्या मेंढपाळांना.

आगमनकाळाच्या एका प्रसिद्ध चिन्हाचा उगमही अशाच ठिकाणी आहे. जर्मनीतील हांबुर्ग येथे योहान हिन्रिख विखर्न हे निराधार मुलांचे आश्रयगृह चालवीत. नाताळ कधी, असे मुले रोज विचारीत. १८३९ मध्ये त्यांनी गाडीचे एक जुने चाक घेऊन त्यावर प्रत्येक दिवसाची लहान आणि रविवारची मोठी मेणबत्ती लावली. आज चर्चमध्ये दिसणारे चार मेणबत्त्यांचे चक्र त्यातूनच पुढे आले.

मराठीत ही प्रतीक्षा ग्रंथरचनेतच उतरलेली आढळते. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची, तारणाऱ्याची वाट पाहणारी कथा आहे. ख्रिस्तजन्म येतो तो दुसऱ्या पुराणात. म्हणजे श्रोत्याला चार हजारांहून अधिक ओव्या थांबावे लागते! पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभले, परंतु १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा ते अपुरेच होते. ते पूर्णत्वास नेले लक्ष्मीबाई टिळकांनी, ज्यांना शाळेचे रीतसर शिक्षण कधी मिळाले नव्हते.

कृती : लूकच्या दुसऱ्या अध्यायातील पहिली वीस वचने मराठी बायबलमधून वाचा. गव्हाण, गोठा, दावण, ओटी यांपैकी कोणते शब्द त्यात येतात आणि कोणते आपण वाचताना मनाने घालतो, याची नोंद आपल्या वहीत करा.