वारीतील आरसा

आषाढ लागला की आमच्या पंढरीचे रूप पालटते. एरवी ज्या गल्लीतून गाईगुरे स्वस्थपणे जातात, तेथे पाऊल ठेवावयास जागा उरत नाही. डोईवर तुळशीवृंदावने घेतलेल्या माउल्या, खांद्यावर पताका घेतलेले वारकरी, टाळमृदंगाचा अखंड घोष आणि चंद्रभागेच्या वाळवंटात उठलेल्या राहुट्या हे दृश्य आम्ही बाळपणापासून पाहत आलो. गेल्या वीस वर्षांत मात्र या मेळ्यात आणखी एक यात्रिक मिसळला आहे. त्याच्या गळ्यात तुळशीची माळ असेल वा नसेल. काळा पट्टा मात्र असतो, आणि त्या पट्ट्याला कॅमेरा लोंबकळत असतो. हा मनुष्य बहुधा वृत्तपत्राचा छायाचित्रकार नसतो. कोणी बँकेत नोकरीस असतो, कोणी शाळेत शिक्षक, कोणी औषधांचा दुकानदार. रजा काढून केवळ हौसेखातर तो आलेला असतो.

या हौशी मंडळींविषयी आमचे मत फार काळ कलुषित होते, हे प्रथमच सांगून टाकलेले बरे. २०१४ साली एका मठात आमचे कीर्तन चालले होते. उत्तररंगात गोरोबाकाकांचे आख्यान लावले होते. चिखल तुडविता तुडविता लेकरू पायाखाली आले, त्या ठिकाणी आम्ही आलो होतो. श्रोते स्तब्ध झाले होते. इतक्यात समोरून फ्लॅशचा असा लखलखाट झाला की आमचे डोळे दिपले, पुढील शब्द ओठांवरच विरले आणि पेटीवाल्याने दोन वेळा सूर देऊनही आख्यानाचा धागा पुन्हा सापडला नाही. त्या रात्री गादीवरूनच आम्ही जाहीर केले की, यापुढे आमच्या कीर्तनात कॅमेरा येता कामा नये.

पाच वर्षे तो दंडक चालला. २०१९ च्या आषाढीस आमचा भाचा पुण्याहून आला. तो एका कचेरीत हिशेबनीस आहे आणि त्याला या छंदाचे वेड आहे. नमस्कार करून म्हणाला, "मामा, एक रात्र मला बसू द्या. फ्लॅश लावणार नाही, आणि आवाज तुमच्या तबल्याखाली बुडून जाईल." आम्ही म्हणालो, "अरे, मठातल्या दोन मिणमिणत्या दिव्यांत तुझे यंत्र काय पाहणार?" त्यावर त्याने तो कॅमेरा आमच्या मांडीवर ठेवला, आणि जे समजावून सांगितले ते आम्हांस एखाद्या शास्त्रपाठासारखे वाटले.

हा होता डिजिटल एसएलआर. त्याचे पहिले वैशिष्ट्य असे की, त्याचे भिंग बदलता येते. कॅमेऱ्याबरोबर सामान्यतः १८ ते ५५ मिलिमीटरचे भिंग मिळते. सर्वसाधारण कामास ते उत्तम. परंतु त्याचे द्वार पुरेसे उघडत नाही. भाच्याने ते काढून ५० मिलिमीटरचे एक आखूड, हलके भिंग बसविले. त्याचे द्वार एफ १.८ पर्यंत उघडते. हा आकडा जितका लहान तितके द्वार मोठे, ही उलटी रीत आमच्या ध्यानी यावयास थोडा वेळ लागला. पहिले भिंग पूर्ण लांबविले असता एफ ५.६ पर्यंतच उघडते, म्हणजे त्याच्या तुलनेने या दुसऱ्या भिंगातून नऊ ते दहा पट प्रकाश आत येतो. शिवाय आत फिल्मऐवजी जो सेन्सर असतो, त्याची संवेदनशीलता वाटेल तेव्हा वाढविता येते. फिल्मच्या काळी १०० वा ४०० अंकाचे रीळ घातले की ते संपेपर्यंत तोच अंक. आता एका चित्रास १००, तर पुढच्याच चित्रास ३२००. अंक वाढला की चित्रात थोडी रवाळ कणी दिसते. पण दोन दिव्यांच्या उजेडात टिपलेल्या मुद्रेवर ती कणी आम्हांस तरी शोभूनच दिसली. आवाज कमी करण्याचीही एक योजना त्यात असते. तो सर्वस्वी नाहीसा होत नाही, परंतु आतला आरसा सावकाश खाली येतो आणि खटका सौम्य होतो.

आरसा! या यंत्राचे मर्मस्थान तोच. भिंगातून आलेला प्रकाश पंचेचाळीस अंशांत तिरप्या ठेवलेल्या आरशावर पडतो, वर चढतो, पंचकोनी लोलकात फिरतो आणि सुलट होऊन पाहणाऱ्याच्या डोळ्यांत उतरतो. स्वस्त प्रतींत लोलकाऐवजी आरसेच बसविलेले असतात, एवढाच फरक. मोबाइलच्या पडद्यावर आपण पाहतो ते विजेने रंगविलेले चित्र असते. येथे मात्र ज्या प्रकाशाने पालखीला स्पर्श केला, तोच प्रकाश परावर्तित होत आपल्या डोळ्यापर्यंत येतो. 'दर्शन' शब्दाच्या मुळाशी असलेला 'दृश्' धातू आम्ही विद्यार्थ्यांना चाळीस वर्षे शिकविला; भाच्याच्या या लहानशा खिडकीस डोळा लावला तेव्हा त्या धातूची आठवण झाली खरी. अमरकोशात 'छाया' शब्दाचे जे अर्थ दिले आहेत, त्यांत सावलीबरोबरच कांती आणि प्रतिबिंबही आहे. 'छायाचित्र' हा शब्द ज्याने प्रथम योजिला, त्याच्या मनात कोणता अर्थ होता कोण जाणे.

आणि एक गंमत अशी की, बटण दाबताच तो आरसा वर उचलला जातो, प्रकाश मागच्या सेन्सरकडे जातो आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यापुढे क्षणमात्र अंधार होतो. म्हणजे जो क्षण चित्रात सापडला, नेमका तोच छायाचित्रकाराने पाहिलेला नसतो. आम्ही हे भाच्याला म्हटले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "म्हणूनच मामा, आम्ही तो क्षण येण्याच्या आधीच बटण दाबायला शिकतो." त्या रात्री त्याला कीर्तनास बसण्याची आम्ही अनुज्ञा दिली. तो खांबाआड बसला होता, आणि आम्हांस तो केव्हा उठून गेला हेही कळले नाही.

दुसरे दिवशी वाखरीच्या अलीकडे, बाजीरावाच्या विहिरीजवळच्या रिंगणास तो आम्हांस घेऊन गेला. ऐन रिंगणाच्या वेळी पावसाची सर आली. आमचा चष्मा भिजला. पुसावा तो अधिकच धूसर होई. दृष्टी तरुणपणीच अधू झालेली. चष्म्यावाचून दहा हातांपलीकडचा मनुष्य ओळखू येत नाही. अश्व सुटण्याची वेळ झाली आणि आम्ही आंधळ्यासारखे उभे! भाच्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कॅमेरा आमच्या हाती दिला. त्याला त्याने लांब पल्ल्याचे भिंग लावले होते. "चष्मा काढा, आणि खिडकीच्या बाजूचे हे बारीक चाक फिरवत राहा." काही कॅमेऱ्यांत या चाकाने उणे ३ ते अधिक १ पर्यंतचा चष्म्याचा नंबर जुळविता येतो. आम्ही चाक फिरविले. धुके विरावे तसे समोरचे सगळे स्वच्छ झाले. ध्वज घेतलेला स्वार पुढे आणि त्यामागून माउलींचा तो रिकाम्या पाठीचा अश्व, ओली आयाळ उडवीत, आमच्या डोळ्यापुढून गेला. टापांखालची माती कपाळी लावण्यास धावलेले लोकही दिसले. आम्ही बटण दाबलेच नाही. भाचा कानाशी ओरडत होता, "मामा, दाबा, दाबा!"

हौशी मंडळींना या यंत्राचे कोणते गुण प्रिय असतात असे विचारले, तर कोणी सेन्सरचा आकार सांगतो, कोणी आणखी काही. आमच्या मते ते बारीक चाक सर्वश्रेष्ठ होय. आणि दुकानात त्याविषयी कोणी अवाक्षर काढत नाही.

अश्वासाठी मात्र दुसरी सिद्धी लागते. बटण अर्धे दाबून धरले म्हणजे भिंग धावत्या वस्तूचा पाठलाग करीत राहते, आणि सेकंदाचा हजारावा भाग एवढाच काळ पडदा उघडा ठेवला की हवेतील खूर हवेतच थांबतो. घरगुती चित्रांसाठी याची फारशी गरज नाही.

ज्याची गरज प्रत्येकास आहे, ते अधिक-उणे चिन्हाचे बटण. कॅमेऱ्याच्या प्रकाशमापकाची समजूत अशी की, जगातील सर्व वस्तू सरासरीने राखाडी आहेत. त्यामुळे शुभ्र धोतर-टोप्यांची दिंडी तो मळकट करतो, आणि काळ्या पाषाणाची मूर्ती राखेसारखी फिकी. पंढरीत जन्म घालविलेल्या माणसाला सावळ्या रंगाचा हा अपमान कसा सोसावा? उपाय सोपा आहे. शुभ्र वस्तूसाठी अधिक १ करावे, सावळ्यासाठी उणे १. अर्थात गाभाऱ्यात कॅमेरा नेण्यास मज्जाव आहे, तो असाच राहावा असे आमचे मत आहे. चंद्रभागेत स्नान करणाऱ्या स्त्रियांकडे लांब पल्ल्याची भिंगे रोखणारांना कोणत्या बटणाने आवरावे, हे मात्र ठाऊक नाही.

या विद्येचा इतिहास फार जुना नाही. पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ साली कोडक कंपनीत स्टीव्हन सॅसन यांनी बनविला. तो एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरविण्यास २३ सेकंद घेई. १९९१ मध्ये कोडकनेच निकॉनच्या सांगाड्यात आपले यंत्र बसवून पहिला विक्रीयोग्य डिजिटल एसएलआर काढला, आणि २००३ मध्ये कॅननच्या ३०० डी ने तो हौशी माणसाच्या आटोक्यात आणला. आता आरसा नसलेले कॅमेरे आले आहेत. कॅनन व निकॉन यांचे अखेरचे नवे एसएलआर २०२० सालचे. त्यामुळे जुन्या बाजारात ते स्वस्तात मिळतात, आणि वारीसारख्या प्रवासात, जेथे वीज केव्हा मिळेल याची शाश्वती नाही, तेथे आरशाची खिडकी बॅटरी फारशी खात नाही, हा मोठाच लाभ. निकॉनच्या डी ३५०० मध्ये एका भरण्यात १५५० चित्रे निघत, असा कंपनीचाच हिशेब आहे.

त्या वर्षी आमची थोरली बहीण, म्हणजे भाच्याची आई, आळंदीपासून चालत आली होती. अक्काची ती तेविसावी वारी. एकादशीच्या सायंकाळी ती आमच्या दारात दिव्याकडे पाठ करून उभी राहिली आणि लेकाला म्हणाली, "माझा काढ एक." त्याने काढला. पाहतो तो मागचा दिवा झगझगीत आणि अक्काचे मुख काळेठिक्कर. तो खट्टू झाला, पण तिला पुन्हा उभे करण्याआधीच ती कोणाला पाणी द्यावयास आत गेली.

अक्का त्या हिवाळ्यात गेली. पुढच्या आषाढीस, २०२० साली, पायी वारी झाली नाही. पादुका एसटीने आल्या. आमच्या हयातीत गाव असे निःशब्द कधी पाहिले नव्हते. त्या दिवसांत भाच्याने ते चित्र संगणकावर उघडले. त्याने ते 'रॉ' या प्रकारात साठविले होते. साध्या चित्रात प्रत्येक रंगाच्या काळोखापासून उजेडापर्यंत २५६ पायऱ्या असतात. या कच्च्या प्रकारात त्याच्या कॅमेऱ्यात १६,३८४. डोळ्यांस जे निव्वळ काळे दिसते, त्यातही पायऱ्या शिल्लक असतात. त्याने अंधार हळूहळू उजळत नेला. प्रथम कपाळावरचा बुक्का दिसला, मग डोळे, मग ते ओठ, काहीतरी बोलण्यासाठी उघडलेले.

ते चित्र आमच्या देवघराच्या समोरील भिंतीवर आहे. त्याच्या उजव्या कडेस कोणा अनोळखी वारकऱ्याच्या छत्रीची मूठ आली आहे. स्वस्त प्रतीच्या कॅमेऱ्याच्या खिडकीत चित्राचा सुमारे ९५ टक्केच भाग दिसतो, म्हणून काढताना ती दिसली नव्हती, असे भाचा सांगतो. दर आषाढीस आला की म्हणतो, "मामा, एवढी कड कापून नवी प्रत आणतो." आम्ही त्याला कापू देत नाही.