पाकीट उघडा, घर वाचवा!

रविवारच्या पेपरात आपण काय वाचतो? सिनेमा, राशिभविष्य, मोबाइलच्या ऑफर्स. आतल्या पानावरच्या बारीक टाइपातल्या चौकोनी जाहिराती? छे, त्या कोण वाचणार! पण एकदा वाचाच. वर लिहिलेलं असतं ‘ताबा सूचना’. खाली कर्जदाराचं नाव, थकबाकीचा आकडा आणि शेवटी पत्ता. मौजे अमुक, तालुका मावळ, जिल्हा पुणे.

या जाहिराती मराठीत का असतात, माहितीय? घराचा ताबा घेतला की सात दिवसांत दोन पेपरांत तसं छापायचं आणि त्यातला एक पेपर स्थानिक भाषेतला हवा, असा नियमच आहे. म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना कळायची पक्की सोय!

आपल्याला वलवण म्हणजे लोणावळ्याचा वीकेंड. धरण, पाऊस, गरमागरम भजी. पण तिथे लोक राहतातही बॉस, आणि त्यांच्याही डोक्यावर ईएमआय असतो. अशाच एका घरी मी गेले होते. दादा टुरिस्ट गाडी चालवतात, वहिनी डबे करतात. वन बीएचकेसाठी एका हाउसिंग फायनान्स कंपनीचं लोन. ‘नाव छापू नका हं मॅडम, पोरीची शाळा इथलीच आहे,’ ही पहिलीच अट. कंपनीचं नावही नको म्हणाले, कारण हप्ते अजून चालू आहेत.

२०२० चा लॉकडाऊन लागला आणि पर्यटक गायब. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० अशी सहा महिने हप्ते पुढे ढकलण्याची सवलत दिली. दादांनी ती घेतली. ‘आम्हाला वाटलं, सहा महिने माफ!’ वहिनी सांगत होत्या. माफ कुठलं? हप्ता थांबला होता, व्याजाचं मीटर चालूच होतं. मग हप्ते चुकायला लागले, वसुलीचे फोन सुरू झाले आणि एक दिवस रजिस्टर्ड पाकीट आलं. दादांनी ते न उघडताच फ्रिजवर ठेवून दिलं.

साठ दिवसांचा खेळ

मला विचाराल तर घर लिलावाच्या दिवशी जात नाही. ते त्या फ्रिजवरच्या पाकिटात जातं.

हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए होतं. मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली मागणीची नोटीस येते आणि ६० दिवसांची मुदत सुरू होते. या कायद्यात घराचा ताबा घ्यायला बँकेला आधी कोर्टात दावा लावावा लागत नाही, आणि तुम्हालाही दिवाणी कोर्टात जाऊन तो थांबवता येत नाही. ऐकूनच पोटात गोळा येतो ना?

पण थांबा. त्याच कायद्यात आपल्यासाठीही एक दार आहे. नोटिशीला लेखी हरकत घेतली, तर ती मिळाल्यापासून १५ दिवसांत बँकेला कारणांसह उत्तर द्यावंच लागतं. गंमत म्हणजे फुकटात मिळणारा हा हक्क फारसा कुणी वापरत नाही.

दादांचं नशीब थोर. वहिनींची बहीण वडगावला एका वकिलांकडे टायपिंग करते. ती दिवाळीला आली, फ्रिजवरचं पाकीट बघितलं आणि किंचाळलीच. ६० पैकी ४१ दिवस संपले होते! त्याच रात्री हरकतीचं पत्र तयार झालं आणि सोबत खात्याचा पूर्ण उतारा मागितला. उतारा आला तेव्हा कळलं की लोन देतानाच एका विम्याचा एकरकमी प्रीमियम कर्जात मिसळला होता. दादांनी सही केली होती, पण कशावर ते कुणी सांगितलंच नव्हतं. शिवाय वसुलीच्या ‘व्हिजिट’चे चार्जेस वेगळे. त्यावर भांडून काही रक्कम कमी झाली. उरलेल्या थकबाकीसाठी दादांनी दुसरी गाडी विकली. घर राहिलं.

त्याच बिल्डिंगमधल्या एका शेजाऱ्यांनी पाकीट उघडलंच नाही. त्यांच्या दारावर आता दुसऱ्याच आडनावाची पाटी आहे.

खंडाळ्याहून सुटलेल्या गाड्या

दादांची गाडी लॉकडाऊनमध्ये बिल्डिंगखाली धूळ खात उभी होती. त्याच एप्रिल २०२० मध्ये, वलवणपासून हाकेच्या अंतरावरच्या खंडाळ्याहून काही गाड्या महाबळेश्वरकडे निघाल्या. आत होते वाधवान कुटुंबीय, डीएचएफएल या बड्या हाउसिंग फायनान्स कंपनीचे प्रवर्तक. गृह विभागाच्या एका बड्या अधिकाऱ्याचं पत्र त्यांच्याकडे होतं. राज्यभर बोंबाबोंब झाली आणि महिनाअखेरीस येस बँक प्रकरणात सीबीआयने कपिल आणि धीरज वाधवान यांना अटक केली.

खरा धक्का पुढे आहे. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१९ मध्येच डीएचएफएलचं संचालक मंडळ बरखास्त केलं होतं. मार्च २०२१ मध्ये सीबीआयने आणखी एक गुन्हा नोंदवला. आरोप असा की, अस्तित्वातच नसलेल्या ‘वांद्रे शाखे’त तब्बल २ लाख ६० हजार बोगस गृहकर्ज खाती दाखवली गेली. रक्कम १४ हजार कोटींच्या वर. शिवाय पंतप्रधान आवास योजनेची सुमारे १,८८० कोटींची सबसिडी या खात्यांवर दाखवल्याचाही आरोप.

म्हणजे बघा, खऱ्या कर्जदाराचा एक हप्ता बाउन्स झाला की संध्याकाळी फोन येतो. आणि लाखो कर्जदार मुळात आहेत की नाहीत, हे वर्षानुवर्षं कुणी विचारलं नाही!

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत २०१० मध्ये उघड झालं की मोठ्या बँकांचे कर्मचारी घरं जप्त करायच्या कागदांवर न वाचताच सह्या ठोकत होते, रोज शेकड्यांनी. ‘रोबो-सायनिंग’ हे त्याचं नाव. २०१२ मध्ये पाच बँकांना सुमारे २५ अब्ज डॉलर्सची तडजोड करावी लागली. का? कारण कुणीतरी हट्टाने म्हणालं, कागद दाखवा.

कट करून फ्रिजवर लावा

● रजिस्टर्ड पाकीट आलं की त्याच दिवशी उघडा. पाकिटावर तारीख लिहून ठेवा.

● हरकत लेखीच घ्या आणि पोच ठेवा. खात्याचा उतारा मागा. लोनबरोबर विमा घेणं कायद्याने सक्तीचं नाही.

● एखाददुसरा हप्ता भरून भागत नाही. पूर्ण थकबाकी भरली तरच खातं एनपीएतून बाहेर येतं. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये हे स्पष्ट केलंय.

● ताब्याची कारवाई झाली तर ४५ दिवसांत डीआरटीकडे, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. ते पुण्यातही आहे.

● सगळे पैसे भरून घर सोडवायचा हक्क लिलावाची जाहिरात छापून येईपर्यंतच. ‘लिलावाच्या दिवशी बघू’ म्हणाल तर फसाल. सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये यावर शिक्कामोर्तब केलंय.

● लिलावात देण्यापेक्षा जास्त पैसे आले, तर खर्च वजा जाता उरलेली रक्कम तुमची. मागायला लाजू नका.

● वसुली एजंटने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावलंय.

● लोन फिटलं? ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत मिळायला हवीत. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. हा नियम डिसेंबर २०२३ पासूनचा.

● तक्रार आधी बँकेकडे. दाद नाही मिळाली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. हाउसिंग फायनान्स कंपनी असेल तर राष्ट्रीय आवास बँकेकडे.

आपण मोबाइल घेताना दहा रिव्ह्यू वाचतो. वीस वर्षांच्या लोनवर मात्र एजंटने बोट ठेवलं तिथे सह्या करत सुटतो, चहा थंड व्हायच्या आत! तुमच्या लोनची फाइल घरात नेमकी कुठे आहे, सांगता येईल? नसेल, तर या रविवारचा प्लॅन ठरला. आधी फाइल शोधा. मग खुशाल लोणावळ्याला जा.