रोपांची परीक्षा मे महिन्यात!

बालमित्रांनो, पावसाळ्यात शाळेच्या पटांगणात तुम्ही हौसेने झेंडू, तेरडा लावता. दिवाळी सरली की वाफे उजाड! ही झाडे एकाच हंगामाची. मेच्या सुट्टीत तुम्ही गावी गेलात तरी तग धरतील अशी, वर्षानुवर्षे टिकणारी बहुवार्षिक झाडे हवीत.

आपल्या काशीमीऱ्यावरून महामार्ग जातो. अशा रस्त्यांच्या दुभाजकांत कण्हेर का लावतात, ठाऊक आहे? ती कमी पाण्यावर जगते आणि विषारी म्हणून गुरे तिला तोंड लावत नाहीत. शाळेत मात्र ती नकोच! तिथे अडुळसा, कोरफड, जास्वंद, गवती चहा लावा. अडुळसा तर शेळ्याही खात नाहीत. फक्त पहिला उन्हाळा जपायचा. आईबाबांनाही सोबत घ्या नि पाणी घालायच्या पाळ्या लावा. मुळे खोल गेली की काम हलके.

जागाच वाईट आहे म्हणता? माहीमजवळचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान पूर्वी कचरा टाकायची जागा होती! १९८३ साली पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांच्या हस्ते तिथे पहिले रोप लागले. आज तिथे दाट झाडी आहे.

मग सांगा, पाळीच्या वहीत पहिले नाव कुणाचे?