नवी पिकअप आवाज करते तेव्हा

बँकेचे किंवा फायनान्सचे कर्ज काढून पिकअप गाडी घेणारे तरुण आज आपल्या वस्त्यांमधून बरेच दिसतात. कोणी बाजार समितीत भाजीपाला नेतो, कोणी मंडपाचे सामान, तर कोणी पाण्याचे जार. गाडीला हार घालून, पेढे वाटून पंधरा दिवस होतात न होतात तोच खालून कसलासा आवाज येऊ लागतो. शेजारी म्हणतो, “नवी गाडी आहे, चालवून चालवून जाईल.” दुसरा म्हणतो, “तुझ्या गळ्यात खराब गाडी मारली.” या दोघांचेही ऐकू नये. आवाजाचेच नीट ऐकावे.

जरा हिशेब मांडू. समजा महिन्याचा हप्ता १२,००० रुपये आहे आणि महिन्यात २५ दिवस भाडे मिळते. म्हणजे रोज ४८० रुपये केवळ हप्त्यासाठी कमवावे लागतात. गाडी चार दिवस उभी राहिली, तरी फायनान्सवाला १,९२० रुपये सोडून देत नाही. म्हणून आवाजाचे कारण लवकर सापडणे हा पोटाचाच प्रश्न आहे.

पहिली गोष्ट अशी, की प्रत्येक आवाज म्हणजे बिघाड नव्हे. डिझेल इंजिन सकाळी थंड असताना जास्त ठोकते. २००५ साली आलेल्या टाटा एसचे, म्हणजे आपल्या ‘छोट्या हत्ती’चे, दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन तर मुळातच थरथरत चालणारे होते. इंजिन बंद केल्यावर टिक्‌टिक् ऐकू येते, ते तापलेला सायलेन्सर निवत असल्याचे. बोलेरो पिकअपसारख्या गाडीला मागे कमानपाटे असतात. ते ओझ्यासाठी बनवलेले असल्याने रिकामी गाडी खड्ड्यात आदळते आणि वाजते. हौद्याच्या फाळक्याची साखळीही खडखडते. फाळका बांधून पाहिला की लगेच उलगडा होतो.

बाकीच्या आवाजांसाठी एकच नियम लक्षात ठेवावा. आवाज कसा आहे यापेक्षा तो केव्हा येतो, हे आधी पाहावे.

गाडी उभी ठेवून, न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर दाबावा. आवाज इंजिनाबरोबर वाढला, तर कारण इंजिन, पट्टा किंवा सायलेन्सर यांच्याकडे शोधावे. सुरू करताना चिरकल्यासारखा आवाज आला, तर बहुधा पट्टा ढिला असतो. इंजिन चालू असताना ऑईलचा लाल दिवा लागला, तर मात्र रस्त्याच्या कडेला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे.

न्यूट्रलमध्येच क्लच दाबून पाहावा. दाबल्यावर आवाज येत असेल, तर क्लचच्या बेअरिंगचा संशय घ्यावा. उलट, क्लच सोडल्यावर येत असेल आणि दाबताच थांबत असेल, तर गिअरबॉक्सच्या आतील बेअरिंग तपासायला सांगावे.

गाडीच्या वेगाबरोबर घूं घूं वाढत असेल, तर टायर किंवा चाकाचे बेअरिंग असू शकते. डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर आवाज बदलला, तर तो बहुधा टायरचा. बदलला नाही, पण उजवीकडे वळताना वाढला, तर डावीकडील चाकाचे बेअरिंग पाहावे, कारण तेव्हा भार डाव्या बाजूला जातो. गाडी उचलताना किंवा गिअर बदलताना खालून ‘कट्’ असा आवाज आला, तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस किंवा पाट्याचे यू-बोल्ट तपासावेत. चाकाजवळ खटखट होत असेल, तर तिथेच थांबून चाकाचे नट पाहावेत. पावसाळ्यात सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकना होणारी खरखर गंजाची असते, ती आपोआप जाते. पण लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज प्रत्येक ब्रेकला येत असेल, तर भाडे सोडावे, गाडी चालवू नये.

हे सर्व एका वहीत लिहून ठेवावे. तारीख, किलोमीटर, वेग, गिअर, गाडी भरलेली की रिकामी, इंजिन थंड की गरम. चालवणाऱ्याला लिहिता येत नसेल, तर घरातील आठवी-नववीतली मुलगी हे काम उत्तम करील.

सर्व्हिस सेंटरवर “गाडी आवाज करते” एवढेच सांगितले, तर तिथे ग्रीस लावून गाडी परत मिळते. वहीतील नोंद जॉब कार्डावर आपल्याच शब्दांत लिहवून घ्यावी आणि प्रत मागून घ्यावी. मेकॅनिकला शेजारी बसवून आवाज ऐकवावा. वॉरंटीच्या मुदतीत तक्रार केली होती, याचा पुरावा तेच कार्ड असते. तोवर बाहेरच्या गॅरेजमध्ये तो भाग उघडू नये, मनाने जादा पाटा टाकू नये, क्षमतेपेक्षा जास्त माल भरू नये. नाहीतर दोष आपल्यावरच ढकलला जातो.

एवढे करूनही दाद मिळाली नाही, तर “तुमची गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहक नाही” हे उत्तर ऐकून परत फिरू नये. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वस्तू घेणारा माणूस ग्राहकच ठरतो. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवावी. त्यानंतर आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. २०२० च्या नियमांप्रमाणे पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, पाच ते दहा लाखांना २०० रुपये. वकील लावलाच पाहिजे असे नाही.

मात्र तिथे आरडाओरडा कामाला येत नाही, कागद येतो. तेव्हा गाडीच्या चावीबरोबर वही आणि पेनही डॅशबोर्डवर ठेवा, आणि पहिली नोंद आजच करा.